आधी हात सोड

ऐरोलीच्या एका हायस्कूलात जयमाला मढवी एकोणीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यावर कुणी कसला संशय घेतला नव्हता. संशय घ्यावा असं त्यांच्यात होतं तरी काय? दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅबच्या शेजारी त्यांची लायब्ररी. दारात टेबल, टेबलावर शिक्का आणि शाईचं पॅड, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आवाज मात्र असा, की त्यांनी वर 'शूऽऽ' म्हटलं तर खालच्या मजल्यावरची सातवीसुद्धा चिडीचूप व्हायची.

माहेर रबाळे गावातलं, सासर दिवागावातलं. दोन्हीकडच्या भातखाचरांवर त्यांच्या लहानपणीच इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. नवरा हिरामण रबाळ्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर, मुलगा दिपेश नोकरीसाठी पुण्याला. शाळेत जयमालाबाई 'आहे', 'नाही' असं शुद्ध बोलायच्या. चिडल्या की मात्र 'हाय' आणि 'नाय' सुटायचं. मुली त्यावरून बाईंचा पारा ओळखत.

तर अशा या बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी बिघडल्या. बिघडल्या त्या ॲटलासमुळे.

नववी 'ब'चा लायब्ररीचा तास होता. ॲटलास कुणी आपण होऊन उघडत नाही, हा बाईंचा अनुभव. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावर पाच मुली एकाच ॲटलासवर अशा वाकल्या होत्या, जशी काही त्यांची मामी दक्षिण अमेरिकेत राहत होती. बाई पाय न वाजवता मागे जाऊन उभ्या राहिल्या. ॲटलासच्या पोटात प्रिंट काढलेली, पिन मारलेली चौतीस पानं निघाली.

"कुणाची?"

श्रुती नावाची मुलगी उभी राहिली. सेक्टरमधल्या सोसायटीत राहणारी, दोन वेण्या, वर्गात दुसरा नंबर. "माझी, मॅडम. मोबाईलवर एक गोष्टींचं ॲप आहे, त्यातली. शाळेत मोबाईल अलाऊड नाही ना, म्हणून प्रिंट..."

"प्रिंट कुठे काढलीस?"

"पप्पांच्या प्रिंटरवर."

पानं जप्त झाली. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसल्यावर, मुली नक्की काय वाचतात ते बघावं म्हणून, बाईंनी पहिलं पान वाचलं. हीरो ट्रस्टींचा मुलगा. वय सोळा, पण शाळेत बाईकवरून यायचा आणि त्याला कुणी लायसन्स विचारत नसे. नायिका साधी, गरीब आणि चालताना सारखी अडखळणारी. चौतीस पानांत ती नऊ वेळा पडली आणि नऊही वेळा त्याने तिला झेललं. मग एकदा जिन्यात त्याने तिचं मनगट धरून तिला भिंतीला टेकवलं आणि तो म्हणाला, 'तू फक्त माझी आहेस.' त्यावर ती थरथरली.

'थरथरली?' बाई मनात म्हणाल्या. 'हिला ताप हाय का?'

त्या चांगल्याच वैतागल्या. पण पानं संपली तेव्हा मधली सुट्टीही संपली होती आणि डब्यातली भाकरी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रुतीला बोलावून घेतलं. श्रुती रडायच्या तयारीनेच आली.

"पुढची पानं कुठेयत?" बाईंनी विचारलं.

"मॅडम?"

"अर्धवट पुराव्यावर मी काही ठरवत नाही. उद्या घेऊन ये."

पुढची पानं घेऊन श्रुती आली ती एकटी नाही, बरोबर मनस्वी होती. मनस्वी पाटील दिवागावची, शाळेच्या कबड्डी संघातली. हिची चढाई म्हटली की समोरच्या पोरी आधीच रेषेला चिकटायच्या. बाईंनी दोघींना समोर बसवलं.

"मला एक सांगा, हा मुलगा तिला भिंतीला का टेकवतो?"

"मॅडम, ते रोमँटिक असतं," श्रुती म्हणाली.

"आणि तुला कुणी असं टेकवलं तर चालेल?"

श्रुतीने विचार केला. "गोष्टीत चालेल."

"मला कुनी टेकवलं तर मी त्याचा अंगठा मोडीन," मनस्वी म्हणाली.

"तुला टेकवायला येतंय कोण!" श्रुती म्हणाली आणि दोघी खिदळायला लागल्या.

"मग वाचता कशाला असलं?" बाई रागावल्या.

मनस्वी सरळ कपाटाकडे बोट करून म्हणाली, "दुसरं हाय काय मॅडम? तुमच्या त्या कपाटात मुलींच्या गोष्टी हायेत ना, त्यातल्या मुली एक तर आजारी असतात, नाहीतर शेवटी मरतात. या गोष्टीत निदान त्या जिवंत तरी असतात."

मुली गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक पुस्तक चाळलं. चार मुली क्षयाने गेल्या होत्या, दोघी पुरात वाहून गेल्या होत्या, एक अंध होती पण सुरेख गायची, आणि उरलेल्या भावांना ओवाळत होत्या. चौदा-पंधरा वर्षांची एक धडधाकट मुलगी, जिला एखादा मुलगा आवडलाय आणि तरी जिचं डोकं ठिकाणावर आहे, ती अख्ख्या कपाटात नव्हती. कपाट बाईंनीच भरलं होतं. त्यांना त्याची फार लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या स्वस्थ बसत नसत.

त्याच आठवड्यात त्यांनी ते ॲप स्वतःच्या मोबाईलवर घेतलं आणि लिहायला सुरुवात केली.

लिहायचं कुठे, तर लायब्ररीच्या मागच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून, मधल्या सुट्टीत. मोबाईलवर बोटं चालेनात, म्हणून त्या कुजबुजत बोलायच्या आणि मोबाईल ते टाइप करायचा. त्याच्या तऱ्हा वेगळ्याच. बाईंनी 'ओठ' म्हटलं की तो 'ओट्स' लिहायचा. 'तिच्या ओट्सवर हसू उमटलं' हे वाक्य पहिल्या भागात तसंच गेलं, आणि नंतर कुणी कितीही समजावलं तरी काही वाचकांना ते नायिकेच्या आरोग्याचं लक्षण वाटत राहिलं. दाराबाहेरून ही कुजबूज शिपाई गंगारामने ऐकली. आवाज ऐकला, शब्द नाही. त्याने स्वतःच निष्कर्ष काढला आणि मधल्या सुट्टीत त्या पॅसेजमधून कुणी दंगा करत गेलं की तो दटावायचा, "ए, हळू! मॅडम जपाला बसल्यात."

टोपणनाव घेतलं 'पुतळा'. ते त्यांच्या आजीचं नाव. आता ते नाव कुणी ठेवत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागणार नाही हा हिशेब. गोष्टीचं नाव 'आधी हात सोड'.

नायिका सोनल, दहावीतली, कबड्डी खेळणारी. हीरो अभिराम, त्याच वर्गातला, दिसायला बरा, सिनेमे पाहून थोडासा नासलेला. पहिल्याच भागात जिन्यामध्ये अभिराम सोनलचं मनगट धरतो. सोनल थरथरत नाही. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "आधी हात सोड, मग बोल." अभिराम हात सोडतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं, की पुढे काय बोलायचं हे आपण ठरवलेलंच नव्हतं. तो घरी जातो. भाग समाप्त.

बाईंना वाटलं, वाचून वाचून वाचतील दहा जण. आठ दिवसांत नववी 'ब', नववी 'क' आणि दहावीच्या निम्म्या मुली ते वाचत होत्या. बाई टेबलाशी पुस्तकांवर शिक्के मारत बसायच्या आणि दोन हातांवर त्यांच्याच गोष्टीची चिरफाड चालायची.

"हा कसला हीरो!" श्रुती म्हणायची. "हात सोड म्हटलं की सोडला! हीरो आहे का बसचा कंडक्टर?"

"मग काय करायला पायजे होतं? तोडून न्यायला पायजे होता हात?" मनस्वी.

"अगं, थोडं तरी टेन्शन पाहिजे ना गोष्टीत. त्याने म्हणायचं, नाही सोडणार."

"मंग तिनं कानाखाली वाजवायची. घे टेन्शन."

बाईंचे कान तापायचे. एकदा तर त्यांनी शिक्का पुस्तकाऐवजी स्वतःच्या हजेरीच्या पानावर मारला. पण ऐकता ऐकता त्यांना कळत गेलं, की श्रुती म्हणते त्यातही काहीतरी आहे. श्रुतीला मनगट पकडणारा नको होता. आपल्यासाठी कुणाच्या तरी पोटात खड्डा पडावा, एवढंच तिला हवं होतं. ते दाखवायला मनगटाशिवाय दुसरी जागा नसते का? बाई त्या जागा शोधायला लागल्या. अभिराम सोनलची मॅच बघायला येतो आणि उत्साहाच्या भरात समोरच्या टीमसाठी टाळ्या वाजवतो. अभिराम तिच्यासाठी रांगेत जागा धरून ठेवतो आणि ती येतच नाही. अशा भागांखाली मुली लाल बदाम टाकायच्या, ओळीने.

एक वाचक मात्र बदाम टाकत नसे. त्याने नावच 'एक वाचक' असं घेतलं होतं आणि प्रत्येक भागाखाली त्याची तक्रार असायची. 'लेखिकेने मुलावर अन्याय केला आहे. मुलगा घाबरला असेल. घाबरणे म्हणजे बावळटपणा नव्हे.' बाईंना वाटलं, हा नक्की दहावीतला कुणी टवाळ. त्यांनी उत्तर दिलं, 'मुलीसुद्धा घाबरतात. त्यांची कुणी दखल घेत नाही.' त्यावर तो: 'मान्य. पण मुलाने तयारी केली होती, ऐनवेळी शब्द विसरला. तसा एक प्रसंग घालावा.' बाई चिडल्या, आणि मग त्यांनी तसा प्रसंग घातला. तो भाग इतर सगळ्या भागांपेक्षा जास्त वाचला गेला. त्यामुळे त्या आणखीनच चिडल्या.

मग आला पत्राचा भाग. अभिराम सोनलला चिठ्ठी लिहितो. सोनल ती वाचते, लाल पेनाने त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका दुरुस्त करते आणि परत पाठवते. हे बाईंनी डोक्यातून काढलं नव्हतं. दहावीत असताना त्यांना एका मुलाने खरंच पत्र दिलं होतं आणि त्यांनी ते तपासून परत केलं होतं. त्याने पुन्हा लिहिलं, चुका कमी झाल्या. पुन्हा लिहिलं. चौथ्या पत्रात एकच चूक राहिली, आणि ती त्याने मुद्दाम ठेवली असावी असा बाईंना संशय होता, कारण पेन त्यांना 'प्रेम'वरच चालवावं लागलं. पुढे सहा वर्षांनी त्याच मुलाशी त्यांचं लग्न झालं.

भाग टाकला त्या रविवारी बाई ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता. टिंग वाजलं. 'एक वाचक' म्हणत होता, 'पत्रात सात नव्हे, अकरा चुका होत्या.'

बाईंच्या हातातला बोंबील सुळकन खाली पडला.

बाहेर गॅलरीत हिरामण खुर्चीवर बसला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, मोबाईल हातभर लांब धरलेला. बाई हात न धुता तशाच बाहेर गेल्या. लोकांसमोर त्या नवऱ्याला 'अवो' म्हणायच्या, घरात 'तू'.

"तू?"

"मंग?" हिरामण मान वर न करता म्हणाला. "अकरा होत्या. मी मोजल्या होत्या. तुला सात सापडल्या."

"तुला कुनी सांगितलं मी लिवते म्हणून?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? कारखान्यातल्या पॅकिंगच्या पोरी जेवताना वाचतात. एक दिवस मोठ्यानं वाचत होत्या, 'आधी हात सोड, मग बोल.' मी म्हटलं, ही बाई तर माझ्या वळखीची हाय. मना जिन्यात नाय बोलली होतीस, तलावाच्या काठी बोलली होतीस. तेवढी जागा बदललीस."

खरंच, ते वाक्य आपण कुणाला तरी म्हटलं होतं हे बाई साफ विसरून गेल्या होत्या. हिरामण तीस वर्षं विसरला नव्हता.

"आनि पोराला जरा बरा दाखव," तो म्हणाला. "मी काय एवढा येडा नव्हतो."

"होतास," बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ एकट्याच हसत बोंबील धूत राहिल्या.

एवढं होईपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग श्रुतीच्या पप्पांच्या प्रिंटरमध्ये 'आधी हात सोड'चा कागद अडकला.

हे पप्पा म्हणजे सुधीरराव, ऐरोलीच्या आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर होते. अडकलेला कागद त्यांनी ओढून काढला, वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका चारुलता कर्णिक यांच्या केबिनमध्ये हजर झाले. त्यांचं म्हणणं होतं, की नववीतल्या मुलींच्या डोक्यात प्रेमाचं खूळ भरणारा हा मजकूर याच शाळेतलं कुणीतरी लिहितं आहे. पुरावा म्हणून त्यांनी ओळी अधोरेखित करून आणल्या होत्या. गोष्टीतल्या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या होत्या, शाळेच्या जिन्यालाही अठ्ठावीस. गोष्टीतली घंटा दोन मिनिटं उशिरा व्हायची, इथलीही तशीच.

"मॅडम, दहावी तोंडावर आहे. प्रेम-बीम नंतर बघता येईल," सुधीरराव म्हणाले.

चारुलता मॅडम कडक बाई. त्यांनी तिथल्या तिथे चौकशी नेमली. आठ दिवसांत अहवाल. आणि चौकशी कोण करणार, तर शाळेत ज्यांचा वाचनाशी रोजचा संबंध येतो आणि ज्यांच्यावर कुणी बोट ठेवणार नाही अशा जयमाला मढवी.

बाईंनी चेहरा सरळ ठेवून जबाबदारी स्वीकारली. केबिनबाहेर आल्यावर त्यांना आधी हसू आलं आणि मग घाम.

पहिले दोन दिवस त्यांनी चौकशी अगदी रीतसर केली. एकेका मुलीला बोलावून विचारलं, "लेखिका कोण असावी असं तुला वाटतं?" उत्तरं ऐकायला त्यांना आवडत होतं, हे खोटं कशाला सांगा? एकीला वाटायचं, लेखिका पंचविशीची, उंच आणि घटस्फोटित. दुसरीला वाटायचं, तो पुरुषच आहे, कारण अभिरामचं दुःख इतकं बारीक दुसऱ्या कुणाला कळणार नाही. हे उत्तर बाईंनी टिपून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रकरणाने वेगळं वळण घेतलं. स्टाफरूमने आपली स्वतःची चौकशी पूर्ण करून आरोपी ठरवून टाकला होता. मराठी शिकवणाऱ्या शर्मिला मॅडम. वय सव्वीस, महिन्यापूर्वी साखरपुडा झालेला, मोबाईलकडे बघून एकट्या हसणाऱ्या. आणखी काय पाहिजे? कुणीतरी असंही म्हणालं, की सासरच्यांना वेळीच कळलेलं बरं.

शर्मिला लायब्ररीत आली ती डोळे लाल करून. "मॅडम, तुम्ही चौकशी करताय म्हणून तुम्हाला सांगते. मी नाही हो लिहीत! लिहिलं असतं तर मी त्या मुलाचं नाव अभिराम ठेवलं असतं का?"

"का, काय झालं नावाला?"

"माझ्या होणाऱ्या दिराचं नाव अभिराम आहे!"

बाईंनी डोक्याला हात लावला. संध्याकाळी घरी त्यांनी हिरामणला सगळं सांगितलं.

"नाव सांगून टाक," तो म्हणाला.

"नोकरी गेली तर?"

"नाय जानार. आनि गेली तर गेली. सोनल काय करील?"

"सोनल पंधरा वर्षांची हाय. तिला घाबरायचं काय कारन?"

"तूच तर लिवलंस, तिलाही भीती वाटते म्हणून. सहाव्या भागात."

नवऱ्याने आपलंच लिहिलेलं आपल्याला ऐकवावं, याचा बाईंना भयंकर राग आला. पण त्यांनी अहवाल लिहायला घेतला.

अहवालाच्या आदल्या दिवशी शाळेत आणखी एक गोष्ट घडली. मधल्या सुट्टीत जिन्यात दहावीतल्या मिथुनने श्रुतीचं मनगट धरलं. मिथुन तसा वाईट मुलगा नव्हता. केसांना जेल लावायचा आणि त्याला वाटायचं की मुलींशी बोलायची हीच पद्धत असते, कारण त्यानेही त्याच प्रकारच्या गोष्टी पाहिल्या होत्या. श्रुतीला मिथुन गेल्या जूनपासून आवडत होता. असं काही घडावं म्हणून तिने मनातल्या मनात किती वेळा तयारी केली होती! आणि प्रत्यक्ष घडलं तेव्हा तिला पहिली जाणीव काय झाली, तर हात दुखतोय ही.

"आधी हात सोड," ती म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती. पण जिन्यावर वरखाली पंचवीसेक मुली उभ्या होत्या आणि त्या वाक्याला सगळ्यांचेच कान टवकारलेले. मिथुनने चटका बसावा तसा हात सोडला. आणि मग वरून, खालून, कठड्यावरून एकदम आवाज आला, "आता बोऽऽल!"

मिथुनचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "भूगोलाची वही पाहिजे होती," तो म्हणाला.

"मी नववीत आहे," श्रुती म्हणाली.

हसण्याचा असा काही कल्लोळ उठला, की गंगाराम धावत आला आणि म्हणाला, "अरे, जप! जप चाललाय!"

श्रुती धावत लायब्ररीत आली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "मॅडम, मला तो आवडतो, खरंच आवडतो. पण मला ते आवडलं नाही. असं कसं?"

"तसंच असतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बस इथे. पाणी पी."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चारुलता मॅडम, सुधीरराव आणि शर्मिला बसले होते. जयमालाबाईंनी उभ्या राहून अहवाल वाचला. "चौकशीत चाळीस विद्यार्थिनींची आणि सहा शिक्षकांची विचारपूस केली. शर्मिला मॅडमचा या लेखनाशी काही संबंध नाही. लेखिका सत्तेचाळीस वर्षांची, विवाहित, याच शाळेत एकोणीस वर्षं ग्रंथपाल हाय." शेवटचं 'हाय' ऐकून त्या स्वतःच थांबल्या. "आहे," असं म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

मग शर्मिला एकदम म्हणाली, "ओट्स तुम्ही लिहिलं होतं?"

"मोबाईलने लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

सुधीरराव उठून उभे राहिले. "मढवी मॅडम, तुमच्यासारख्या जबाबदार व्यक्तीने..."

"सुधीरसाहेब," बाई म्हणाल्या, "काल जिन्यात काय झालं ते श्रुतीने घरी सांगितलं का?"

"सांगितलं." त्यांचा आवाज जरा उतरला. "जेवताना सांगितलं. ती मला असलं काही सांगत नाही कधी." ते पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तर म्हणाली, सोनलने. मला आधी वाटलं, सोनल म्हणजे कुणी मैत्रीण. मग आठवलं, मीच तर तिच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या."

पण ते अगदीच विरघळले असं समजू नका. तक्रार त्यांनी मागे घेतली ती एका अटीवर, की अभिरामला दहावीत निदान ऐंशी टक्के मिळायला हवेत. बाईंनी पंचाहत्तरवर तडजोड केली.

चारुलता मॅडमनी मात्र मेमो दिलाच. शाळेच्या वेळेत लेखन करायचं नाही, आणि गोष्टीचा शेवट प्रसिद्ध करण्याआधी मुख्याध्यापिकांना दाखवायचा.

"पहिलं मान्य," जयमालाबाई म्हणाल्या. "दुसरं नाही."

"का?"

"शेवट मलाच अजून ठाऊक नाही. आणि ठाऊक झाला तरी मी आधी कुणाला दाखवणार नाही."

चारुलता मॅडमनी मेमो पुन्हा पुढे ओढला. मग पेन उचलून दुसरी ओळ खोडली. "पण लवकर संपवा," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर परीक्षा आहेत, पोरींचं लक्ष लागणार नाही."

शेवटावरून नववी 'ब' दोन तुकड्यांत फुटली. श्रुतीच्या गटाला दोघं एकत्र यायला हवी होती. मनस्वीचा गट म्हणायचा, सोनल राज्याच्या संघात निवडली जावी आणि अभिरामने गेटवरून टाटा करावा. आता लेखिका कोण ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे बाईंना जिन्यात, बसस्टॉपवर, एकदा तर मासळीबाजारात गाठून मुली बाजू मांडायच्या. बाईंनी दोघींचंही ऐकलं आणि दोघींचंही केलं नाही. शेवटच्या भागात सोनलची निवड होते. मग ती स्वतःहून अभिरामकडे जाते आणि म्हणते, "मला तू आवडतोस. तुला काय वाटतं ते घाई न करता सांग. मी सरावाला चालले." आणि ती जाते. अभिराम तिथेच उभा राहतो, तोंड उघडं टाकून.

श्रुतीच्या गटाने विचारलं, मग तो हो म्हणाला का? मनस्वीच्या गटाने विचारलं, तो हो म्हणाला तर तिच्या सरावाचं काय? 'एक वाचक' याने लिहिलं, 'तो हो म्हणाला. मी ओळखतो त्याला.' या प्रतिक्रियेला सगळ्यांत जास्त बदाम मिळाले आणि हिरामण आठवडाभर कारखान्यात छाती काढून फिरला.

आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत तासभर मुली जमतात. कपाटातला एक खण त्यांनी भरायला घेतलाय. कुणी स्वतः लिहिलेलं आणते, कुणी कुठून शोधून आणते. चार मुलगेही येतात, त्यांत मिथुन आहे. तो अजून बोलत नाही, पण केसांना जेल लावणं त्याने सोडलंय. सूचना-फलकावर चारुलता मॅडमनी याला 'भाषा समृद्धी उपक्रम' असं नाव देऊन टाकलंय, म्हणजे कुणी खोलात जाऊन विचारणार नाही.

गेल्या शनिवारी वाद चालला होता तो यावर, की भांडणानंतर आधी सॉरी कुणी म्हणायचं, आणि मुलीने म्हटलं तर ती कमीपणा घेते का. आवाज चढले होते. जयमालाबाई टेबलाशी शांतपणे शिक्के मारत होत्या. श्रुतीला न्यायला आलेले सुधीरराव दाराशी दहा मिनिटं उभे राहिले, मग मागच्या बाकावर टेकले, आणि थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

मनस्वीने वळून पाहिलं. "काका, तुमच्या आधी सहा जनी हायेत," ती म्हणाली. "थांबा जरा."